संगणकांतील मध

गेल्या दिवाळींतली गोष्ट. फराळ आटोपून घरांतील लहानथोर मंडळी दूरचित्रवाणीपुढें बसलीं होतीं. कोठल्याशा मिठाईची जाहिरात लागली. वरून चॉकलेटची दाट, तुळतुळीत धार पडत आहे आणि खालीं तिच्यांत बदाम बुचकळ्या मारीत आहेत, असा तो देखावा होता. आमच्या आत्याबाईंचें वय आज ब्यायशीं वर्षांचें. जन्मभर त्यांनीं मोठ्या खटल्याचें स्वयंपाकघर सांभाळलें. त्या हळहळून म्हणाल्या, “एका चित्रासाठीं केवढी ही नासाडी! तें सारें नंतर फेंकूनच दिलें असेल कीं नाहीं?” त्यावर आमचा पुतण्या हंसून म्हणाला, “आजी, थेंबभरसुद्धां वायां गेलें नाहीं. तेथें चॉकलेट नव्हतेंच. तें नुसतें गणित आहे.”

आत्याबाईंना हें उत्तर थट्टेचें वाटलें. दादांच्या, म्हणजे आमच्या वडील बंधूंच्या, कपाळावर मात्र आंठी चढली. त्याला कारण होतें. मुलगा यंत्रशास्त्राची पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलेला. एका कारखान्यांत चांगली जागा चालून आलेली. ती नाकारून एक वर्ष घरीं बसून संगणकावर असले द्रव काढण्याची विद्या शिकावी, असें त्यानें मनांत घेतलें होतें, आणि दोन महिने घरांत तोच विषय चालू होता. त्या रात्रीं दादा आम्हांस म्हणाले, “तूं लिहिणारा माणूस आहेस. हें शास्त्र आहे कीं खेळ आहे, एवढें नीट पाहून मला सांग. मग मी काय तें ठरवीन.”

म्हणून आम्ही पुतण्याच्या टेबलाशीं कित्येक संध्याकाळीं जाऊन बसलों. त्या बैठकींत जें पाहिलें व जेवढें उमगलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों; कारण असा प्रश्न आज आमच्याच घरांत आहे असें नाहीं.

काठावरून आणि प्रवाहांतून

वाहत्या पदार्थाचा हिशेब ठेवण्याच्या दोन रीति आहेत. पहिली घाटावर उभें राहण्याची. नदीकाठच्या एका पायरीवर उभें राहावें आणि समोरच्या तेवढ्याच जागेवरून किती पाणी, किती वेगानें, कोणत्या दिशेस गेलें हें टिपीत राहावें. अशीं हजारों ठिकाणें चौकटी आंखून नेमलीं म्हणजे साऱ्या नदीचा नकाशा हातीं येतो. दुसरी रीत द्रोणांत दिवा लावून प्रवाहांत सोडण्याची. दिवा जिकडे जाईल तिकडे आपली नजर जाते. असे हजारों दिवे सोडले म्हणजे त्यांच्या वाटांवरूनच प्रवाह कळतो. गणिती लोक पहिल्या रीतीला ऑयलर यांचें व दुसरीला लाग्रांज यांचें नांव देतात. संगणकावर कणांच्या साह्यानें द्रव काढणें म्हणजे ही दिवे सोडण्याची रीत होय.

चित्रपटांत कणांचा नांव घेण्याजोगा उपयोग १९८२ सालीं झाला. ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या दुसऱ्या चित्रपटांत एका ओसाड ग्रहावर आगीची भिंत पसरत जाते, असें दृश्य आहे. अमेरिकेंतील लुकासफिल्म कंपनीच्या संगणक-विभागांत विल्यम रीव्ह्ज यांनीं ती आग कणांची केली आणि दुसऱ्या वर्षीं त्या रीतीवर निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक कणाला जन्म, वेग, रंग व आयुर्मर्यादा द्यावयाची. आयुष्य सरलें कीं तो नाहींसा व्हावयाचा. परंतु हे कण एकमेकांस ओळखत नाहींत. एका ठिणगीला दुसरीचें कांहीं देणें नसतें. आग, धुरळा, आतषबाजी यांना एवढें पुरतें. मधाला पुरत नाहीं. मूठभर मोहरी जमिनीवर ओतली तर ती चारी दिशांना पळते. मध ओतला तर तो एकत्र राहतो. तेव्हां मध काढावयाचा तर कणांना प्रथम शेजारधर्म शिकविला पाहिजे.

कणांचा शेजारधर्म

हा शेजारधर्म तीन नियमांत सांगतां येतो. शेजारी फार जवळ आला तर त्याला दूर लोटावें. तो थोडा दूर जाऊं लागला तर त्याला जवळ ओढावें. आणि शेजारी ज्या वेगानें चालले असतील त्या वेगाकडे आपलाही वेग कांहींसा वळवावा. गॅव्हिन मिलर व अँड्र्यू पिअर्स यांनीं १९८९ सालीं दाट द्रवांसाठीं अशीच एक योजना मांडली होती. तिच्यांतील गोळे एकमेकांस लोटीत व ओढीत वाहत असत.

याहून पक्क्या पायावरची रीत मात्र आली ती आकाशांतून. १९७७ सालीं लिऑन ल्यूसी यांनीं, आणि स्वतंत्रपणें रॉबर्ट गिंगोल्ड व जो मोनाहन यांनीं, ताऱ्यांच्या पोटांतील वायूचा विचार करण्यासाठीं एक युक्ति काढली. प्रत्येक कणाभोंवतीं एक ठराविक वर्तुळ कल्पावें, त्यांतील शेजारी मोजावे, जवळच्याच्या शब्दाला अधिक वजन द्यावें व दूरच्याच्या शब्दाला कमी. त्यावरून त्या जागीं किती दाटी आहे तें कळतें, दाटीवरून दाब कळतो, आणि दाबावरून कण कोणीकडे सरकेल तें कळतें. माथ्यू देब्रँ व मारी-पोल गास्क्येल यांनीं १९९६ सालीं ही युक्ति मऊ, लवचिक पदार्थांचीं हलतीं चित्रें काढण्याकडे वळविली. २००३ सालीं मॅथियास म्यूलर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कांहीं हजार कणांचें पाणी डोळ्यांदेखत, हात लावील तसें, हलवून दाखविलें. ताऱ्यांसाठीं केलेलें गणित पेल्यांतल्या पाण्याला लागू पडलें!

तिसरा नियम, वेग जुळवून घेण्याचा, तोच दाटपणाचा नियम. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस तो वेगळा समजावून द्यावयास नको. घरांतील एक जण फार पुढें धांवूं लागला कीं बाकीचे त्याला मागें ओढतात; मागें रेंगाळणाऱ्याला तेच पुढें ढकलतात. जेथें ही ओढ थोडी, तें पाणी. जेथें फार, तो मध. हें आम्ही बोलून दाखविलें तेव्हां पुतण्या आमच्याकडे पाहून किंचित् हंसला. त्याच्या हंसण्याचा अर्थ आम्हांस कळला; आम्ही विषय बदलला.

हिशेबाचा पसारा मात्र लहान नाहीं. पुतण्यानें स्वतः लिहिलेल्या पहिल्या प्रयोगांत वीस हजार कण होते. प्रत्येकानें प्रत्येकाची चौकशी करावयाची म्हटलें तर एका पावलाला वीस कोटी जोड्या होतात. म्हणून सारी जागा लहान लहान कप्प्यांत वांटतात, आणि कणानें आपल्या व लगतच्या कप्प्यांतच डोकावावें असा नियम करतात. वाड्यांतल्या माणसाची विचारपूस वाड्यांतच करावी, साऱ्या गांवांत दवंडी पिटूं नये, तसेंच हें.

दाट आणि जड

येथें एक नेहमींचा घोंटाळा दूर केला पाहिजे. दाट म्हणजे जड नव्हे. गोडें तेल पाण्यावर तरंगतें, म्हणजे तें पाण्याहून हलकें. तरी बाटलींतून तें पाण्याहून सावकाश पडतें, म्हणजे तें पाण्याहून दाट. मध पाण्याच्या दीडपटीहूनही कमी जड. पण दाटपणा सुमारें दहा हजार पट, आणि थंडींत त्याहूनही अधिक. शास्त्रांत या दाटपणाला श्यानता म्हणतात. द्रवाचे थर एकमेकांवरून घसरतांना जो विरोध करतात, तो थरांच्या वेगांतील फरकाच्या प्रमाणांत असतो, हा विचार न्यूटनचा. पुढें फ्रान्समध्यें नाविए यांनीं १८२२ सालीं व इंग्लंडांत स्टोक्स यांनीं १८४५ सालीं त्याला पूर्ण समीकरणांचें रूप दिलें. आजही चित्रपटांतील चिखल त्याच समीकरणांवर वाहतो.

आपल्याला सहज वाटेल कीं चंचळ पाण्यापेक्षां सुस्त मधाचा हिशेब सोपा असावा. अनुभव नेमका उलट आहे. पुतण्यानें पाणी काढलें तें थोडक्या प्रयत्नांत वाहूं लागलें. मग त्यानें दाटपणाचा आंकडा वाढविला. मधाचा गोळा क्षणभर थरथरला आणि दारूगोळ्यासारखा फुटून पडद्याबाहेर उडाला. आम्ही दचकलों, त्याला तें नवें नव्हतें.

याचें कारण त्यानें आम्हांस कागदावर दाखविलें. दोन शेजारी कण घ्या. एकाचा वेग दहा, दुसऱ्याचा शून्य. दोघांनीं पांचपांचनें तडजोड केली तर दोघेही पांचावर येतात आणि भांडण मिटतें. परंतु संगणक काळ अखंड मोजीत नाहीं, पावलापावलानें मोजतो. पाऊल लांब आणि ओढ जबर असली तर तडजोड पांचाऐवजीं पंधरांची होते. पहिल्याचा वेग उणे पांच, दुसऱ्याचा पंधरा. दहाचा फरक विसाचा झाला; पुढच्या पावलाला चाळीसांचा, मग ऐंशींचा. समेटासाठीं केलेली ओढच घर मोडते.

यावर दोन उपाय आहेत. एक, पाऊल फार लहान करावें. मग एका सेकंदाच्या चित्राला हजारों पावलें लागतात आणि यंत्र रात्रभर चालतें. दुसरा, प्रत्येकानें आपापल्यापुरती दुरुस्ती न करतां सर्वांचे नवे वेग एकदमच काढावे, असे कीं ते परस्परांशीं आधींच जुळलेले असतील. अविभक्त मिळकतीची वांटणी जशी एकाची आधीं व दुसऱ्याची मागाहून करतां येत नाहीं, सर्वांचे हिस्से एकाच कागदावर बसवावे लागतात, तशी ही लाखों समीकरणें एकत्र सोडवावीं लागतात. २००२ सालीं मार्क कार्लसन, ग्रेग टर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या मार्गानें मेण वितळून ओघळतांना दाखविलें. त्यांच्या रीतींत एकच पदार्थ घट्ट मेणापासून पातळ पाण्यापर्यंत कोणताही दाटपणा धारण करूं शकत असे.

आपल्या कार्यक्रमानें हात टेकल्यावर पुतण्या ब्लेंडर नांवाच्या साधनाकडे वळला. हें साधन हॉलंडांतील टॉन रोझेंडाल यांनीं उभें केलें. तें बंद पडण्याची वेळ आली तेव्हां, २००२ सालीं, जगभरच्या वापरणाऱ्यांनीं वर्गणी करून सात आठवड्यांत एक लाख युरो जमविले व तें सर्वांसाठीं मोफत व खुलें करविलें. त्यांत घाट व दिवे या दोन्ही रीतींचा संगम आहे: वेग वाहून नेण्याचें काम कण करतात, दाबाचा व दाटपणाचा हिशेब चौकटी करतात. ही जोडरीत मूळ अमेरिकेंतील लॉस अलामोस येथील प्रयोगशाळेंतली, १९८६ सालची; २००५ सालीं युंगनिंग झू व रॉबर्ट ब्रिडसन यांनीं ती वाळू व पाणी यांच्या चित्रांसाठीं रूढ केली.

आत्याबाईंची परीक्षा

कण वाहूं लागले तरी अजून द्रव दिसत नाहीं. दिसतो तो नुसता दाण्यांचा थवा. त्यावर कातडी चढवावी लागते. प्रत्येक कणाभोंवतीं एक प्रभाव कल्पून, जेथें सर्वांच्या प्रभावांची बेरीज एका ठराविक आंकड्याइतकी भरते तेथें पृष्ठभाग आहे असें धरावयाचें, ही कल्पना जिम ब्लिन यांनीं १९८२ सालीं रेणूंचीं चित्रें काढतांना मांडली. तो पृष्ठभाग लहान त्रिकोणांत बसविण्याची प्रसिद्ध कृति लॉरेन्सन व क्लाइन यांनीं १९८७ सालीं दिली, तीही रोग्यांच्या शरीराच्या आंतील चित्रांसाठीं! या कामांत कण विरळ असले तर मधाची साबुदाण्याची खीर दिसूं लागते. मग प्रकाश. मधाच्या, दुधाच्या आंत उजेड शिरतो, भटकतो व दुसरीकडून बाहेर पडतो; तो हिशेब चुकला तर मध प्लास्टिकसारखा दिसतो.

हें सर्व साधून एके रात्रीं पुतण्यानें सोनेरी मधाची धार ताटलींत पडतांना दाखविली. आम्ही शाबासकी दिली. दादाही चष्मा लावून उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत, पण त्यांनाही चित्र आवडलेलें दिसलें. आत्याबाईंनीं तें दोनदां पाहिलें आणि म्हणाल्या, “बाळ, हा मध नव्हे. ही पेज आहे.”

“कां, आजी?”

“अरे, मध असा बदकन् पडून पसरतो का? तो वेटोळीं घालतो.”

एवढें बोलून त्या स्वयंपाकघरांत गेल्या, मधाची बाटली व चमचा घेऊन आल्या आणि वीतभर उंचीवरून ताटलींत धार धरली. बारीक धार खालीं पोंचतांच दोरीच्या गुंडाळीप्रमाणें गोल गोल फिरूं लागली; वेटोळ्यावर वेटोळें चढलें, मनोरा झाला, कलला आणि सावकाश मधांत विरून गेला. आम्ही हें लहानपणापासून शेंकडों वेळां पाहिलें होतें, आणि कधींच पाहिलें नव्हतें.

पुतण्याचा चेहरा उतरला. त्यानें त्या रात्रीं जेवतांनाही तोंड उघडलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळींच तो आमच्याकडे कागद घेऊन आला. जी. आय. टेलर यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानें १९६८ सालीं या वेटोळ्यांचा अभ्यास केला होता. खालीं धार अडते, मागून मध येतच राहतो. उभ्या वेतावर भार दिला तर तो जसा वांकतो तशी धार वांकते आणि फिरूं लागते. हिशेबांत ती कां फिरत नव्हती, याचें उत्तर क्रिस्टोफर बॅटी व रॉबर्ट ब्रिडसन यांच्या २००८ सालच्या निबंधांत त्याला सांपडलें. मधाची जी बाजू हवेकडे आहे तिला कोणी धरून ठेवलेलें नाहीं. हवेला मधाला ओढण्याचें बळ नाहीं म्हटलें तरी चालेल. जुन्या सोप्या हिशेबांत ही अट पुरतेपणीं पाळली जात नसे. पृष्ठभाग हलकेच जखडल्यासारखा होई, आणि धार वळण्याऐवजीं ढीग होऊन बसे. त्या दोघांनीं गणिताची मांडणीच अशी केली कीं ती अट आपोआप पाळली जावी.

पुतण्यानें ती रीत जोडली. शिवाय त्याची बारीक धार अवघ्या दोनतीन चौकटींत बसत होती. त्यानें चौकटींची बाजू निम्मी केली. बाजू निम्मी केली कीं चौकटी आठपट होतात. तीन रात्रीं यंत्र घूं घूं करीत चाललें आणि ती खोली वैशाखांतल्या माळ्यासारखी तापली. चौथ्या दिवशीं संध्याकाळीं पडद्यावरची धार ताटलीला टेंकली, थबकली, एका बाजूस झुकली आणि फिरूं लागली. आत्याबाई जपमाळ हातांत तशीच धरून पाहत होत्या. “आतां झाला मध,” एवढेंच त्या म्हणाल्या.

शास्त्र कीं खेळ?

दादांस आम्ही आमचा अभिप्राय दिला तो असा. हा खेळ नाहीं. २००१ सालच्या ‘श्रेक’ चित्रपटांतील चिखल, २०१३ सालच्या ‘फ्रोझन’मधील ओलसर, घट्ट होणारा बर्फ, यांच्या मागें उच्च गणिताचे निबंध आहेत. बर्फाची रीत तर मूळ डेबोरा सल्स्की यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घन पदार्थांच्या अभ्यासासाठीं काढलेली. स्पेनमधील माद्रिद येथें १९९८ सालीं निघालेल्या नेक्स्ट लिमिट कंपनीला तिच्या रिअलफ्लो या द्रवांच्या साधनाबद्दल २००८ सालीं ऑस्करच्या संस्थेचें तांत्रिक पारितोषिक मिळालें. आणि हीच विद्या धरणफुटीचा लोट, ज्वालामुखीचा रस, सांच्यांत ओतलेला धातु यांच्या अंदाजालाही लागते. मुलानें शिकलेलें यंत्रशास्त्र त्यांत वायां जात नाहीं. उलट त्याचा कस लागतो.

परंतु दादांपासून दुसरी बाजूही आम्ही लपविली नाहीं. २०१३ सालीं ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटाला, त्यांतील समुद्र व वाघ यांच्यासाठीं, ऑस्कर मिळालें. तें काम करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीच्या शाखा मुंबई व हैदराबाद येथेंही होत्या. पारितोषिक-समारंभाला दोन आठवडेही उरले नव्हते तोंच त्या कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला होता. इकडे गौरव, तिकडे शेंकडों कारागीर घरीं बसलेले. धंदा असा आहे. काम जितकें चोख, तितकें तें पाहणाराच्या ध्यानांत येत नाहीं. आणि करणाराचें नांव चित्रपटाच्या शेवटीं, लोक उठून जात असतांना, भरभर वर सरकून जातें. ज्या घरांत असा मुलगा असेल त्या घरानें या दोन्ही गोष्टी त्याच्यासमोर बसून मोकळेपणीं बोलाव्या. त्याला ओढून धरावें, पण पाऊल बेतानें टाकावें. ओढ अति झाली तर काय होतें तें वर सांगितलेंच आहे.

दादांनीं सर्व ऐकून घेतलें. होय कीं नाहीं हें ते त्या दिवशीं बोलले नाहींत. मात्र दुसऱ्या दिवशीं कचेरींतून परततांना त्यांनीं एक मोठा पंखा विकत आणला व तो मुलाच्या खोलींत नेऊन ठेवला. “यंत्र तापतें,” एवढेंच ते वहिनींस म्हणाले.

आत्याबाईंची हौस मात्र अजून फिटलेली नाहीं. परवां त्यांनीं नातवाला श्रीखंड करून दाखविण्यास सांगितलें. तो गंभीर झाला. कारण श्रीखंड चमच्यावर उभें राहतें. जोर दिल्यावांचून वाहत नाहीं, आणि जोर दिला कीं मऊ होऊन सरतें. त्याला मधाचा नियम चालत नाहीं, निराळा नियम लागतो. गेले आठ दिवस त्याच्या टेबलावर आत्याबाईंनीं दिलेली श्रीखंडाची वाटी आहे. तो ती खात नाहीं. चमच्यानें नुसती हलवून पाहत बसतो.